वळीव, वादळ आणि गेलेली लाईट: घर सांभाळायचं कसं

देशावर एप्रिल-मे महिन्यात दुपारी चारच्या सुमाराला उकाडा असह्य होतो, वारा पडतो, आणि बहुधा पूर्वेकडून आभाळ काळवंडत चढायला लागतं. मग धुळीचा लोट, टपोरे थेंब, कधी गारा. वळीव स्वतः टिकतो अर्धा-पाऊण तास. लाईट मात्र कधी पाच मिनिटांत येते, कधी दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळेला. घरात झालेलं नुकसान नंतर मोजायला बसलं, तर त्यातलं बरंचसं पावसानं केलेलंच नसतं. काही आधीच्या पंधरा मिनिटांत राहून गेलेल्या कामांमुळे झालेलं असतं, आणि जास्त महागातलं लाईट परत आली त्या क्षणी घरात काय काय चालू होतं त्यामुळे. म्हणून पुढचं सगळं वेळेच्या क्रमानं सांगतो.

चार थेंब पडले की लाईट का जाते

यावरून महावितरणला शिव्या घालणं हा आपला उन्हाळी छंद आहे, पण कारण समजून घेतलं तर किती वेळ वाट पाहायची याचा अंदाज येतो. खांबावर तार आणि लोखंडी आडपट्टी यांच्यामध्ये चिनी मातीचे इन्सुलेटर असतात, लाईनवरची माणसं त्यांना चिमणी म्हणतात. दिवसभराच्या उन्हानं ते चटका बसेल इतके तापलेले असतात. त्यांवर एकदम गार पाणी पडलं की तडा जातो, वीज खांबातून जमिनीत उतरू पाहते, आणि अपघात होऊ नये म्हणून उपकेंद्रातला ब्रेकर आपोआप त्या फीडरचा, म्हणजे तिथून निघणाऱ्या त्या लाईनचा, पुरवठा तोडतो. वाऱ्यानं फांदी तारेवर आपटली किंवा झोल पडलेल्या दोन तारा एकमेकींना लागल्या तरी हेच होतं.

अशा वेळी उपकेंद्रातला ऑपरेटर एक-दोन मिनिटं थांबून फीडर पुन्हा चालू करून बघतो. दोष तात्पुरता असेल तर लाईट टिकते. दोष कायमचा असेल तर लाईट येते आणि लगेच जाते. असं दोनदा झालं की समजायचं, आता जनमित्राला (महावितरणच्या लाईनमनला) टॉर्च घेऊन खांब न् खांब बघत पायी फिरायचंय. फीडर दहा-बारा किलोमीटरचा असेल आणि तडा गेलेली चिमणी खालून दिसत नसेल, तर दोन-तीन तास सहज जातात. खांबच पडला असेल तर रात्र गृहीत धरा.

एप्रिलमध्येच उरकायची कामं

सगळ्यात आधी कपडे वाळत घालायची तार. गॅलरीच्या ग्रिलपासून विजेच्या खांबापर्यंत किंवा पत्र्याच्या अँगलपर्यंत लोखंडी तार ताणलेली घरं आजही गल्लोगल्ली दिसतात. वाऱ्यानं खांबावरून घरात येणाऱ्या सर्व्हिस वायरचं आवरण घासलं जातं, करंट पत्र्यात उतरतो, पत्र्यातून तारेत, आणि सकाळी ओले कपडे टाकायला गेलेली घरातली बाई चिकटते. दरवर्षी अशा बातम्या येतात. तार काढून नायलॉनची दोरी बांधा. या लेखातली एकच गोष्ट करायची असेल तर ही करा.

मग मीटरजवळचा बोर्ड. त्यात एमसीबींच्या (जादा भार आला की पडणाऱ्या बटणांच्या) जोडीला ईएलसीबी किंवा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की पुरवठा तोडणारा डबा, आहे का बघा. त्यावर टेस्टचं छोटं बटण असतं, ते दाबल्यावर घरातली लाईट गेली पाहिजे. गेली नाही तर तो डबा नुसता शोभेचा आहे, बदलून घ्या. घरगुती वापराला तीस मिलिअँपिअरचा लागतो. जुन्या वाड्यांत आणि चाळींत अजून किटकॅट फ्यूज आहेत. तिथं फ्यूज उडाला की मिळेल ती जाड तार गुंडाळतात. मग फ्यूज उडत नाही हे खरं, पण त्याऐवजी वायरिंग जळतं. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यात बादलीभर पाणी ओता आणि वायरमनकडून एकदा तपासून घ्या.

विदर्भ-मराठवाड्यात आणि खानदेशात कूलर हे वेगळंच प्रकरण आहे. लोखंडी पत्र्याचा, खिडकीबाहेर लावलेला, आत पाण्याचा पंप आणि जमिनीवर ओल. त्याला तीन पिनांचाच प्लग आणि खरोखर जोडलेलं अर्थिंग हवं. पाणी भरताना बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा. वादळ येतंय असं दिसलं की कूलरचा प्लग सर्वांत आधी काढायचा, कारण तो बाहेर भिजणार हे ठरलेलंच आहे.

पत्र्याचं छप्पर असेल तर जे-हूक आणि वॉशर तपासा, गंजलेले बदला. पत्रे उडू नयेत म्हणून वर दगड ठेवायची आपल्याकडे जुनी सवय. पत्रा उचलला गेला की ते दगड घरंगळत माणसांच्या डोक्यात येतात. दगडांऐवजी वाळूची पोती बांधून ठेवा, नाहीतर आडवे पाईप टाकून पत्रे खाली आवळा. गच्चीवरच्या टाकीचं झाकण तारेनं बांधा. दरवर्षी कुणाचं तरी झाकण तिसऱ्या घराच्या परसात सापडतं. झाडाच्या फांद्या तारेला टेकत असतील तर स्वतः कोयता घेऊन वर चढू नका. महावितरणला कळवा. शहरात छाटणीसाठी पालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी लागते, आणि ती मिळेपर्यंत पावसाळा येतो, म्हणून अर्ज लवकर करा.

इन्व्हर्टर असेल तर बॅटरीतलं पाणी बघा. तरंगणारा दांडा लाल खुणेपर्यंत खाली गेला असेल तर डिस्टिल्ड वॉटर घाला, फिल्टरचं चालत नाही. शिवाय हिशोब एकदा कागदावर मांडून ठेवा. बारा व्होल्टची दीडशे अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-अवर, पण प्रत्यक्षात हाताला लागतात साधारण हजार-अकराशे. जुना छताचा पंखा ७५ वॅट खातो. असे दोन पंखे, नऊ वॅटचे चार दिवे आणि वायफायचा डबा चालवला की दोनशेच्या आसपास वॅट होतात, म्हणजे पाच-साडेपाच तास. तेच दोन पंखे बीएलडीसीचे (कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचे), तीस-तीस वॅटचे असतील तर बॅटरी दहा तास पुरते. नव्या इन्व्हर्टरवर पंधरा-वीस हजार घालायच्या आधी पंखे बदलून बघा, असं माझं मत आहे.

ज्यांनी छतावर सोलर बसवलंय त्यांच्यासाठी एक धक्का. बॅटरी नसलेलं, नेट मीटरवालं (जादा वीज लाईनमध्ये सोडणारं) सोलर लाईट गेली की बंद पडतं, भर उन्हातसुद्धा. ते बिघडलेलं नसतं. लाईनवर काम करणाऱ्या माणसाला तुमच्या छतावरून गेलेल्या विजेचा झटका बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. त्याच कारणासाठी जनरेटर कधीही दोन्ही टोकांना पिना असलेल्या वायरनं भिंतीतल्या सॉकेटला जोडू नका. चेंजओव्हर स्विच (एका वेळी लाईन किंवा जनरेटर यांपैकी एकच जोडणारा) बसवूनच जोडा.

अंदाज कुठून घ्यायचा

हवामान खात्याचे इशारे रंगांत असतात. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. ते जिल्ह्यापुरते असतात, आणि वळीव तर एका गल्लीत पडून दुसरी कोरडी ठेवतो. म्हणून सकाळच्या इशाऱ्यापेक्षा मुंबई आणि नागपूरच्या हवामान केंद्रांकडून येणारा पुढच्या तीन तासांचा अंदाज जास्त कामाचा. विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेनं तयार केलेलं ‘दामिनी’ ॲप फोनवर घ्या. तुम्ही आहात तिथून वीस आणि चाळीस किलोमीटरच्या वर्तुळात विजा पडताहेत का, ते कळतं. शेतावर जाणाऱ्या माणसाच्या फोनवर तर ते असलंच पाहिजे.

आभाळ भरून आलं: हातातली पंधरा मिनिटं

घरातली माणसं कुठं आहेत ते पहिलं. क्लासला गेलेल्या पोरांना तिथंच थांबायला सांगा, वाटेत असलेल्यांना पक्क्या इमारतीत. झाडाखाली नको, पत्र्याच्या शेडखाली नको, जाहिरातीच्या फलकाखाली तर अजिबात नको. ९ एप्रिल २०२३ ला अकोला जिल्ह्यात पारसच्या मंदिराजवळ वादळात कडुलिंबाचं झाड पत्र्याच्या शेडवर कोसळलं आणि सात माणसं गेली. आडोसा म्हणूनच ती तिथं थांबली होती. पुढच्याच आठवड्यात १७ एप्रिलला पिंपरी-चिंचवडमध्ये किवळ्याला होर्डिंग पडून पाच जण गेले. १३ मे २०२४ ला घाटकोपरचं होर्डिंग पेट्रोल पंपावर पडलं, त्यात सतरा. तिन्ही वेळा माणसं पावसापासून वाचायला किंवा पेट्रोल भरायला थांबलेली. भिजलेलं परवडतं.

दुसरं वाळवण. यावर हसू नका, ज्या घरात मे महिन्यात कुरडया-सांडगे होतात तिथं वळवाचा पहिला घाला गच्चीवर पडतो. पहिल्या दिवसाची कुरडई मऊ असते. प्लास्टिकचा कागद चार टोकांना धरून उचलला की सगळ्या कुरडया मधे गोळा होऊन त्यांचा एकच गठ्ठा बनतो. त्यामुळे मुळातच वाळवण बाजेवर किंवा फळ्यांवर घालावं, म्हणजे दोघांनी दोन बाजूंना धरून जिन्याच्या टपरीत सरकवता येतं. जिथं बाज नाही तिथं कागदाचे मोठे तुकडे न घेता हातभर रुंदीचे घ्या, एकेक तुकडा ताटासारखा उचलता येतो. आधी पळीपापड आणि साबुदाण्याचं काय असेल ते आत न्या, कारण ते भिजलं की गेलंच. मग कुरडया, मग मसाल्याच्या मिरच्या, शेवटी गहू. गव्हावर ताडपत्री टाकून चारी कडांना विटा ठेवल्या तर तो वर राहिला तरी चालतो, फक्त ताडपत्रीवर साचलेलं पाणी मधूनमधून ओतून द्या. उडदाचे पापड अर्धवट वाळलेले असतील तर एकावर एक रचू नका, चिकटतात. आतल्या खोलीत सुती साडीवर पसरा आणि दुसऱ्या दिवशीचं ऊन मिळेपर्यंत उघडेच राहू द्या. थेंब लागलेलं बटाट्याचं किंवा साबुदाण्याचं वाळवण वर्षाच्या डब्यात घालू नका. बुरशी बाकीच्यालाही लागते. तळून त्याच संध्याकाळी संपवा, पोरं खूश.

तिसरं, प्लग. टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, संगणक, वायफाय, मायक्रोवेव्ह. बटण बंद करणं पुरेसं नाही, कारण जवळ वीज पडली की उठणारा विजेचा लोंढा बटणाच्या फटीतूनही उडी मारतो. प्लग बाहेर पाहिजे. केबलची किंवा डिशची वायर टीव्हीमागून काढा, इंटरनेटची वायर डब्यातून काढा. प्लग काढूनही टीव्ही जळाला असं जेव्हा लोक सांगतात, तेव्हा बहुतेक वेळा केबलची वायर लावलेलीच असते. मात्र हे काम कडकडाट सुरू व्हायच्या आधीचं आहे. डोक्यावर विजा चमकायला लागल्यावर प्लगला हात घालायचा नाही, मग जळालं तर जळू दे.

चौथं, पाणी. मोटर चालू करून टाकी भरून घ्या, पिण्याचं पाणी माठात आणि कळशीत भरा. विजेवरचा फिल्टर लाईट गेल्यावर थेंब देणार नाही. सोसायटीत राहणाऱ्यांनी दोन बादल्या संडासासाठी वेगळ्या धरा. लाईट गेल्यावर दहा मिनिटांत सगळ्या मजल्यांचे नळ एकदम सुटतात आणि वरची टाकी बघता बघता तळाला जाते. सेक्रेटरी मोटर लावेल या भरवशावर राहू नका, त्यालाही लाईट लागते.

मग फोन आणि पॉवर बँक चार्जिंगला, शक्यतो दुपारीच. खिडक्या वाऱ्याच्या बाजूच्या बंद, गॅलरीतल्या कुंड्या खाली, गाडी झाडाखालून बाजूला. म्हातारी माणसं या वेळात लिफ्टनं जाणार असतील तर थांबवा. गोठा असेल तर जनावरं झाडाला बांधलेली सोडून आत घ्या, आणि दावणीला लोखंडी साखळी असेल तर ती सोडवून दोरानं बांधा.

विजा चमकत असताना

चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत मनात मोजा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज तुमच्यापर्यंत पोचू शकते इतकी जवळ आहे, आत या. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. बरेच अपघात पाऊस थांबल्यावर आंबे वेचायला किंवा जनावरं सोडायला गेलेल्यांचे होतात.

घरात आंघोळ, भांडी, कपडे हे सगळं थांबवा, कारण लोखंडी नळातून आणि त्यातल्या पाण्यातून वीज आत येऊ शकते. ग्रिलला टेकून गंमत बघणं बंद. मोबाईलवर बोलायला हरकत नाही, पण चार्जरला लावलेला असताना नको. उघड्यावर अडकलाच तर पाय जुळवून उकिडवे बसा, डोकं गुडघ्यांत. आडवं पडू नका. कुणावर वीज पडली तर त्याच्या अंगात करंट राहत नाही, हात लावायला काहीही धोका नाही. श्वास बंद असेल तर छाती दाबायला लागा आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. शेणात पुरणं वगैरे प्रकारांत जीव वाचवायची मिनिटं वाया जातात.

लाईट गेली

आधी खिडकीतून बाहेर बघा. सगळीकडे अंधार असेल तर दोष फीडरचा किंवा गल्लीतल्या डीपीचा (ट्रान्सफॉर्मरचा). समोरची रांग उजळलेली आणि आपली गेलेली असेल तर एक फेज गेला. फक्त आपल्याच घरात अंधार असेल तर बोर्ड बघा. एमसीबी पडला असेल तर एकदाच वर करा. पुन्हा पडला तर कुठंतरी पाणी शिरलंय, जबरदस्ती करू नका. भिंत ओली असेल तर बोर्डाला हातच लावू नका.

तक्रार करा, शेजाऱ्यानं केली असेल असं समजू नका. महावितरणचे ग्राहक असाल तर १९१२, १९१२० किंवा १८००-२१२-३४३५ आणि १८००-२३३-३४३५ हे क्रमांक आहेत. बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक तयार ठेवा, आणि तो फ्रिजवर चिकटवून ठेवा, कारण बिल मोबाईलवर असतं आणि मोबाईल संपलेला असतो. महावितरणकडे नोंदवलेल्या नंबरवरून ०२२-५०८९७१०० ला मिस्ड कॉल दिला तरी तक्रार लागते. मुंबईत बेस्ट, अदानी, टाटा यांपैकी जी कंपनी असेल तिचा क्रमांक तिच्या बिलावर आहे. गल्लीतल्या वायरमनला सारखे फोन करून उपयोग नसतो, तो खांबावर असतो.

लगेच दुसरं काम, घरातलं सगळं बंद करणं. गिझर, एसी, मोटर, इस्त्री, जे जे चालू होतं ते सगळं. एकच दिवा चालू ठेवा, लाईट आल्याचं कळायला. याचं कारण पुढे येतंय.

लिफ्टमध्ये कुणी अडकलं तर दार उचकटू नका. घंटा दाबा, आतल्या माणसाशी बोलत राहा, लिफ्टवाल्याला बोलवा. बऱ्याच नव्या लिफ्टना जवळच्या मजल्यावर आणून दार उघडणारी बॅटरीची सोय असते. ती चालते का, हे सोसायटीच्या सभेत पार्किंगच्या भांडणाइतक्याच जोरात विचारा.

फ्रिज, दूध, औषधं

फ्रिज उघडायचा नाही. न उघडता तो आतला गारवा साधारण चार तास धरतो. गच्च भरलेला डीप फ्रीजर त्याहून बराच जास्त. चार तास उलटले की आधी दूध बाहेर काढा आणि तापवा. गॅस आहेच. दोनदा तापवूनही लाईट नसेल तर विरजण लावून मोकळे व्हा. उन्हाळ्यात दही पाच-सहा तासांत लागतं. शिजवलेली भाजी, आमटी, विशेषतः भात आणि मटण-मासे उकाड्यात तासाभराच्या वर बाहेर राहिले तर टाका. वास येत नाही म्हणजे चांगलं आहे असं नसतं. इडलीचं पीठ फुगून बाहेर यायच्या आत रात्रीच घावन घाला.

स्वयंपाक सोपा ठेवा. पिठलं-भात नाहीतर मुगाची खिचडी, आणि सोबत दुपारच्या वादळात पडलेल्या कैऱ्यांचा तक्कू. मिक्सर नाही म्हणून ठेचा खलबत्त्यात कुटला जातो आणि चवीलाही बरा लागतो. दोन वेळचं करून ठेवू नका, जेवढं लागेल तेवढंच.

इन्सुलिन घेणारं कुणी घरात असेल तर एवढं लक्षात ठेवा. वापरात असलेलं पेन किंवा बाटली प्रकारानुसार साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानाला चालते, पण त्यात खोलीचं तापमान म्हणजे पंचवीस-तीस अंश. सोलापूर-नागपूरची मे महिन्यातली खोली त्यात बसत नाही. मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, त्यात घट्ट झाकणाच्या डबीत इन्सुलिन आणि वर ओलं फडकं, ही सोय खेड्यापाड्यांत चांगली चालते. बर्फाला चिकटवून ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. घरात ऑक्सिजनचं विजेवरचं यंत्र असेल तर भरलेला सिलिंडर जवळ पाहिजेच, आणि इन्व्हर्टरवर पहिला हक्क त्या यंत्राचा.

रात्र काढायची तर

पहिल्या वळवानंतर संध्याकाळी पंखांचे किडे दिव्यावर झुंबड करतात. ती वाळवी असते. ताटात पडायला लागले की जेवण संपलं म्हणायचं. म्हणून सूर्य मावळायच्या आत जेवून घ्या. नाही जमलं तर खिडकीजवळ एक दिवा लावून त्याखाली पाण्याचं ताट ठेवा आणि आपण बसतो तिथं अंधार ठेवा. सगळे तिकडे जातात आणि पाण्यात पडतात. पाली जमतील, जमू द्या.

मेणबत्तीपेक्षा चार्जिंगचा बल्ब बरा. मेणबत्ती लावलीच तर ताटलीत, पडद्यापासून लांब, आणि झोपताना विझवून. कोळशाची शेगडी किंवा जनरेटर बंद खोलीत किंवा गॅलरीत लावू नका, त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही. जमिनीवर झोपणार असाल तर मच्छरदाणी खाली गादीत खोचा. पावसानं बिळांत पाणी शिरलं की विंचू आणि साप कोरडी जागा शोधत घरात येतात. सकाळी चपला झटकून घाला.

मोबाईलचा डेटा बंद ठेवा. टॉवरला बॅटरी असते, पण काही तासांनी तीही संपते आणि मग फुल्ल चार्ज फोनही मुका होतो. छोटा रेडिओ असेल तर आकाशवाणी लागते. खिशात शंभर-दोनशेची चिल्लर हवी, सकाळी दूधवाल्याचा क्यूआर कोड चालेलच असं नाही.

लाईट आली

इथं घाई नको. लाईट येते तेव्हा गल्लीतल्या सगळ्या घरांचे फ्रिज, एसी, मोटरी एकदम उठतात आणि व्होल्टेज खालीवर होतं. वादळात डीपीवरची न्यूट्रलची, म्हणजे करंट परत नेणारी, तार सैल झाली असेल तर आणखी वाईट, कुठल्या घरात दोनशे तीसच्या जागी साडेतीनशे व्होल्टपर्यंत जाऊ शकतं. ओळखायची खूण सोपी आहे. चालू ठेवलेला एकुलता दिवा नेहमीपेक्षा पांढराफटक, डोळ्यांत खुपेल असा पेटला किंवा पंखा गुरगुरत जोरात फिरू लागला, की धावत जाऊन मेन स्विच पाडा आणि लगेच तक्रार करा. एका घरात दिवे लखलखीत आणि शेजारी मिणमिणते असतील तर न्यूट्रल गेल्याची जवळजवळ खात्रीच.

सगळं ठीक वाटलं तर पाच मिनिटं थांबा. या पाच मिनिटांतच बऱ्याचदा लाईट पुन्हा जाते. मग आधी पंखे-दिवे, त्यानंतर फ्रिज, कारण लागोपाठ चालू-बंद झालं तर कॉम्प्रेसर जळतो. मग पाण्याची मोटर. तीन फेजच्या मोटरला तिन्ही फेज आलेत का ते पॅनेलच्या दिव्यांवर बघूनच बटण दाबा, दोन फेजवर ती गुणगुणते आणि जळते. एसी आणि गिझर सगळ्यात शेवटी.

दुसऱ्या दिवशी सकाळी

घराबाहेर पडताना आधी वर आणि खाली बघा. तुटलेली तार जमिनीवर पडली असेल तर ती मेलेली आहे असं कधीच समजू नका. तीस-पस्तीस फुटांवर थांबा, मुलांना आणि गुरांना लांब ठेवा, १९१२ ला फोन करा. डबक्यात पडली असेल तर आणखी लांब. चुकून जवळ गेलाच तर मोठी पावलं टाकत पळू नका, पाय जुळवून फरफटत मागे या, कारण दोन पायांमधल्या अंतरातही झटका बसतो. घरातल्या वायरला कुणी चिकटलं असेल तर आधी मेन बंद, नाहीतर सुक्या लाकडानं ढकला. लोखंडी गज उचलून धावू नका.

गच्चीवर टाकीचं झाकण, पाण्यात पडलेला पाला, बंद झालेली पन्हाळी बघा. टाकीत घाण गेली असेल तर पाणी सोडून द्या आणि धुवा. पिण्याचं पाणी दोन दिवस उकळून, नाहीतर मेडिक्लोर (पाणी शुद्ध करायचं क्लोरीनचं औषध) बाटलीवर लिहिलेल्या मापानं घालून. कूलर आणि बाहेरचे बोर्ड उन्हात पूर्ण वाळल्याशिवाय चालू करू नका.

पत्रे उडाले, भिंत पडली, जनावर दगावलं तर आवरायच्या आधी चारी बाजूंनी फोटो काढा आणि तलाठ्याला कळवून पंचनामा करून घ्या. विमा असेल तर कंपनीलाही त्याच दिवशी कळवा. पंचनाम्याला वेळ लागतो म्हणून पावसात उघडं बसायची गरज नाही. फोटो झाले की ताडपत्री टाका, ती टाकल्यानं कागदोपत्री काही बिघडत नाही.

किनारपट्टीवरच्यांनी मात्र याहून लांबची तयारी ठेवावी. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन-मुरुडकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे लाईट नव्हती. तिथं इन्व्हर्टर पहिल्या रात्रीच संपतो. उपयोगी पडते ती हातरहाट टिकवलेली विहीर, सोलरचे छोटे कंदील आणि शेजारच्या चार घरांत मिळून एक जनरेटर.

आणि इन्व्हर्टरची रिकामी झालेली बॅटरी पुरी भरायला आठ-दहा तास लागतात. वळीव एकदा आला की बऱ्याचदा लागोपाठ दोन-तीन दिवस त्याच वेळेला येतो. त्यामुळे लाईट सकाळी आली असेल तर दुपारी तीनच्या आत बॅटरी, पॉवर बँका आणि टॉर्च भरून घ्या, टाकी भरा, आणि कपडे धुवायला टाकायचे असतील तर ते सकाळीच.